छोटे मालक

हेमांगी कुंभोजकरांनी हिरवं बटण दाबलं नाही, आणि पारगाव जिल्हा न्यायालयातल्या तिसऱ्या कोर्टाचं कामकाज जागच्या जागी थांबलं.

भिंतीवरच्या पडद्यावर आरोपीचं उत्तर मराठीत उमटलं होतं. त्याखाली 'प्रमाणित करावे' ही पट्टी लुकलुकत होती, आणि ती विझल्याशिवाय संगणक पुढचा प्रश्न नोंदवून घेणार नव्हता. सरकारी वकील पुढच्या प्रश्नासाठी उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभे राहिले. शिपाई लगबगीनं आला आणि बटणाची वायर हलवून बघायला लागला.

"वायर ठीक आहे हो," हेमांगी म्हणाली. "मीच दाबत नाहीये."

न्यायाधीश तांबोळी मॅडमनी चष्मा काढला. "काय झालं, कुंभोजकरबाई? भाषांतर चुकलं?"

"नाही मॅडम. एकही शब्द चुकलेला नाही."

"मग?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही. पण वकीलसाहेब आणि आरोपी एकाच माणसाबद्दल बोलतायत, असं मला वाटत नाही."

कोर्टात खसखस पिकली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला गौरहरि बेरा कानातल्या यंत्राला हात लावून इकडेतिकडे बघत राहिला. लोक का हसले, हे त्याला कुणी सांगितलं नाही. हसण्याचं भाषांतर होत नसतं.

त्या यंत्राचं नाव 'दुवा'. पारगाव जिल्हा नवा झाला, त्याची कोर्टाची इमारत नवी झाली, तेव्हाच दुवाही बसवला गेला. त्याआधी परप्रांतातला आरोपी आला की दुभाषा शोधायला माणूस पाठवावा लागे. तो मिळेपर्यंत तारखा पडत, आणि मिळालेल्याला कधी आरोपीची भाषा अर्धीमुर्धीच येत असे. आपल्यावर काय आरोप आहे, साक्षीदार आपल्याविरुद्ध काय बोलतोय, हे आरोपीला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे असं कायदा म्हणतो. पण कायद्यानं म्हटलं म्हणून दुभाषे उगवत नाहीत. दुवानं हा प्रश्न एका झटक्यात सोडवला. कानामागे बोटाएवढी पट्टी लावायची. समोरचा मराठीत बोलला की पुढच्याच श्वासाला ते बंगालीत, ओडियात, तेलुगूत ऐकू यायचं, आणि तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. तांबोळी मॅडमचा किंचित घोगरा आवाज गौरहरीला अस्खलित बंगालीत ऐकू येत असे.

हेमांगी पूर्वी याच कामावर होती. तिचे वडील खरगपूरच्या रेल्वे कारखान्यात होते, त्यामुळे तिचं बालपण बंगालीत गेलं. लग्नानंतर महाराष्ट्रात आल्यावर तिनं वीस-बावीस वर्षं कोर्टांत बंगाली-मराठी दुभाष्याचं काम केलं. दुवा आल्यावर तिचं पद बदलून 'प्रमाणक' असं झालं. खुर्चीत बसायचं, दोन्ही भाषा ऐकायच्या, प्रत्येक उत्तरानंतर हिरवं बटण दाबायचं. आरोपीशी एक शब्दही बोलायचा नाही. दुभाषे मध्येच आरोपीच्या कानाशी लागतात, अशा तक्रारी फार झाल्या होत्या, म्हणून तसा नियमच होता.

आणि हा दुवा जिच्या गटानं पुण्यात बसून घडवला ती शाल्मली म्हणजे हेमांगीची एकुलती एक मुलगी. "लेकीनं माझी नोकरी खाल्ली, आणि वर ढेकर बावीस भाषांत दिली," असं हेमांगी मैत्रिणींना सांगायची. पण सांगताना तिची मान ताठ असायची.

खटला साधा होता. गौरहरि मेदिनीपूरकडचा सोनार कारागीर. पारगावच्या दिगंबर विसपुत्यांच्या कारखान्यात दागिने घडवायचा. दुर्गापूजेला बाकीचे सगळे कारागीर गावी गेले, पण एक काम अर्धवट राहिलं होतं म्हणून हा थांबला. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे होती. त्या दिवसांत तिजोरीतून सोन्याची एक लगड नाहीशी झाली. विसपुत्यांनी फिर्याद दिली आणि गौरहरि तुरुंगात गेला.

संध्याकाळी तिथं कोण आलं होतं, या प्रश्नावर पहिल्या दिवसापासून त्याचं उत्तर एकच होतं. "छोटो मालिक एसेछिलेन. चाबि निये गेलेन." दुवानं त्याचं केलं, "छोटे मालक आले होते. किल्ली घेऊन गेले." छोटे मालक म्हणजे विसपुत्यांचा मुलगा हर्षल. आणि हर्षल त्या दिवशी सुरतेला होता, याचे चार साक्षीदार होते; तेही कोर्टात त्याला 'छोटे मालक'च म्हणाले. म्हणजे गौरहरि खोटं बोलत होता. पोलिसांना तसं वाटलं, फिर्यादीला तसं वाटलं. त्याचा स्वतःचा वकील, सरकारनं नेमून दिलेला तरुण खैरमोडे, यालाही मनातून तसंच वाटत होतं. तुरुंगात अशिलाला भेटायला गेला तरी मध्ये दुवाच असायचा.

आज सरकारी वकिलांनी विचारलं होतं, "छोटे मालक तुला काय म्हणाले?"

गौरहरि म्हणाला होता, "म्हणाले, गौर, मी आता या घरात परत येणार नाही."

"पण छोटे मालक तर रोज रात्री त्याच घरी जेवतात!" वकील म्हणाले, आणि लोक हसले.

हेमांगी त्या क्षणी गौरहरीकडे बघत होती. खोटं पकडलं गेलेला माणूस खाली बघतो किंवा आवाज चढवतो, हे तिनं इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. गौरहरि यातलं काहीच करत नव्हता. समोरच्या शहाण्या माणसाला इतकी साधी गोष्ट का समजत नाही, असा त्याचा चेहरा होता. तिचं बोट बटणावर टेकलं होतं, ते तिनं उचलून घेतलं.

नियमाप्रमाणे बटण दाबलं नाही की दुवा त्या खटल्यापुरता कुलूपबंद व्हायचा. कंपनीचा माणूस येऊन तपासणी करेपर्यंत पुढं काही नाही. आजवर राज्यात कुठल्याही कोर्टात असं घडलं नव्हतं. तांबोळी मॅडमनी परवाची तारीख दिली.

"तोवर दोन्ही बाजूंपैकी कुणाशीही बोलू नका, कुंभोजकरबाई."

"नाही बोलणार, मॅडम."

कंपनीचा माणूस म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभी राहिली ती शाल्मलीच. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, कपाळावर आठ्या.

"आई, राज्यभरात एवढी कोर्टं आहेत. अडवायला तुला माझंच यंत्र मिळालं?"

"अगं, माझ्या कोर्टात तुझंच यंत्र आहे. दुसऱ्याचं कुठून आणू? हातपाय धू आधी. आलूपोस्तो केलाय."

खसखशीतल्या बटाट्यांपुढे शाल्मलीचा राग फार वेळ टिकत नसे. ती ताट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि शेजारी लॅपटॉप उघडला. पुढच्या महिन्यात आणखी तीन राज्यं दुवा घेणार होती. तिच्या साहेबांनी निघताना सांगितलं होतं, की वायरीत दोष होता असा अहवाल दे, पट्टी बदल आणि मोकळी हो.

"मग दे की तसा अहवाल," हेमांगी म्हणाली.

"द्यायचाच आहे. पण आधी बघते तरी."

यंत्राच्या पोटात प्रत्येक वाक्याचा माग साठवलेला असतो. शाल्मली डाव्या हातानं तो चाळत होती. मध्येच तिचा उजवा हात पोळीच्या तुकड्यासकट थांबला.

"आई, इथं बघ. 'छोटो मालिक'पाशी ते अडखळलंय."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"ऐकू येणारच नाही. हे बघ, दुवा शब्दाला शब्द ठेवत नाही. तो आधी वाक्याचा अर्थ पकडतो. म्हणजे असं समज, अर्थांचा एक भलामोठा नकाशा आहे आणि तो त्यात टाचणी टोचतो. मग त्या टाचणीच्या सगळ्यांत जवळचं मराठी वाक्य शोधतो. आता बंगालीत 'आला' आणि 'आली' वेगळं आहे का?"

"नाही. एसेछिलेन. पुरुष असो, बाई असो, क्रियापद तेच."

"आणि 'तो' आणि 'ती'?"

"तेही एकच." हेमांगीच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "अगंबाई."

"मराठीत मात्र पुरुष की बाई हे ठरवल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. मूळ वाक्यात जे नाही, ते दुवाला स्वतःच्या पदरचं घालावं लागतं. मग तो बघतो, आजवरच्या लाखो वाक्यांत मालक म्हणजे बहुतेक वेळा कोण? पुरुष. झालं. 'छोटे मालक आले होते.'"

"आणि वकिलांचा प्रश्न उलट बंगालीत जाताना?"

"तिकडं पुरुष-बाई नाहीच. म्हणून ते गळून पडतं."

जाताना आपल्या पदरचं घातलं जात होतं आणि येताना तेच गाळलं जात होतं. त्यामुळे आपल्या तोंडी कुणीतरी एक पुरुष घातलाय, हे गौरहरीच्या कानापर्यंत एकदाही पोचलं नव्हतं. जे ऐकूच आलं नाही ते तो खोडून कसं काढणार?

"पण ते अडखळलं होतं म्हणालीस ना? मग विचारलं का नाही? मी अडले की हात वर करून विचारायची. न्यायाधीश वैतागायचे, पण मी विचारायची. अर्थात या वेळी कदाचित मीही विचारलं नसतं. मालक म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे मिशाच आल्या."

शाल्मलीनं हातातला घास ताटात ठेवला. "पहिल्या चाचण्यांत दुवा विचारायचा, आई. फार विचारायचा. सगळे म्हणाले, हे यंत्र आहे की पोलीस? मग मी एक ओळ लिहिली. शंका असेल तर जास्त शक्यता असलेला अर्थ घे आणि पुढे चल. इथं शक्यता एकसष्ट विरुद्ध एकोणचाळीस होती. आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला ठाऊक होतं. बोलायची बंदी मी केली."

हेमांगीनं तिच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले.

"आई, वायरीत दोष आहे असं लिहिलं तर हा माणूस आत राहील ना?"

"मला कोर्टाबाहेर खटल्याबद्दल बोलायची परवानगी नाही," हेमांगी म्हणाली. "बटाटे खा."

शाल्मली हसली, मग तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि साहेबांना फोन लावला. फोनवर बराच आरडाओरडा झाला. तिकडून झाला तेवढाच इकडूनही झाला. शेवटी ती म्हणाली, "सर, नोकरीवरून काढायचं तर परवा काढा. उद्या मला कोर्टात जायचंय."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीनं भर कोर्टात आपल्या त्या एका ओळीची गोष्ट सांगितली. कुठलीही सबब पुढे केली नाही. तांबोळी मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता ती ओळ काढलीय?"

"काढलीय, मॅडम. पण आधीच सांगते, आता ते फार विचारेल."

"विचारू दे. मीही दिवसभर तेच करते."

दुवानं खरोखरच उच्छाद मांडला. गौरहरि म्हणाला, की त्या दिवशी शेजारून कुणी मित्र डबा देऊन गेला. लगेच दुवानं मराठीत आणि बंगालीत जाहीर केलं, "क्षमा करा. डबा देणारी व्यक्ती पुरुष की स्त्री?" गौरहरि लाजला. स्त्री, म्हणाला. खैरमोडेंनी ते घाईघाईनं टिपून घेतलं आणि मग खोडलं. कारखान्याच्या दारात एक बकरी बांधलेली होती, तिचा उल्लेख आला. "क्षमा करा. बकरी की बोकड?" लोक तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. सरकारी वकील म्हणाले, "मॅडम, या गतीनं आपण दिवाळीपर्यंत इथंच बसू."

"फराळ मागवू," मॅडम म्हणाल्या. "पुढचा प्रश्न."

"त्या संध्याकाळी कोण आलं होतं?"

गौरहरीनं सुस्कारा सोडला. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याला झोपेतही पाठ झालं असणार. "छोटो मालिक एसेछिलेन."

"क्षमा करा," दुवा म्हणाला. "छोटे मालक ही व्यक्ती पुरुष की स्त्री?"

गौरहरीचे डोळे विस्फारले. तो वकिलांकडे वळला, मग न्यायाधीशांकडे, आणि एका दमात बोलत सुटला. दुवा त्याच्याच आवाजात मराठीत सांगत गेला. "स्त्री! मालकांची मुलगी! केतकीदीदी! कारखाना तीच बघायची. आम्ही दीदी म्हटलं की रागवायची. म्हणायची, माझ्या भावाला मालक म्हणता, मग मलाही मालक म्हणा. म्हणून आम्ही सगळे छोटे मालक म्हणतो. तुम्ही इतके दिवस कोणाबद्दल विचारत होता?"

कोर्टात आता कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर बसलेले दिगंबर विसपुते हळूहळू उभे राहिले.

"विसपुते," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या जबाबात लिहिलंय, की तुम्हाला एकच अपत्य आहे."

"रागाच्या भरात बोललो, मॅडम," विसपुते म्हणाले. "त्याच दिवशी भांडून घर सोडून गेली. वेगळा धंदा करते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या लेखी मला मुलगी नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं. कारखान्यात तिला कुणी मालक म्हणतं, हे तर आजच कळतंय मला."

केतकी विसपुतेला नाशिकहून बोलावून घेतलं गेलं. पुढच्या तारखेला ती आली तेव्हा कामावरूनच निघाल्यासारखी दिसत होती. केस वर बांधलेले, बोटांवर भाजल्याचे डाग. साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना तिला समोरच्या पिंजऱ्यात गौरहरि दिसला, आणि शपथ घ्यायची राहून ती रडायलाच लागली. तिला पाणी देण्यात आलं.

"लगड मीच नेली," ती सावरून म्हणाली. "ती माझीच आहे. आईच्या पाटल्या आणि गोठ आटवून केलेली. आईनं जाण्याआधी सगळ्यांसमोर मला दिली. बाबांना विचारा."

"दिली होती," विसपुते मागून म्हणाले. विचारल्याशिवाय बोलल्याबद्दल त्यांना कुणी दटावलं नाही.

"मग नेताना वडिलांना सांगितलं का नाही?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"सांगितलं की! त्याच संध्याकाळी कळवलं. पण त्यांनी माझा नंबर ब्लॉक करून टाकलाय."

"मला कुठं येतंय ब्लॉक करायला?" विसपुते कळवळून म्हणाले. "हर्षलकडून करून घेतला!"

आता मात्र मॅडमनाही हसू आवरलं नाही. हर्षलनं बाकाखाली घसरता येईल तितकं घसरून घेतलं. त्या सगळ्या गोंगाटात गौरहरि पुढे वाकून केतकीच्या हातांकडे बघत होता. तो काहीतरी म्हणाला. दुवानं या वेळी काही न विचारता त्याचं मराठी केलं.

"बोटं भाजलीत. सांध्याला डाख देताना चिमटा लांबून धरा म्हणून किती वेळा सांगितलं होतं."

"धरते हो, गौरदा," केतकी नाक पुसत म्हणाली. "तुम्ही नव्हता ना सांगायला."

जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या आवारात विसपुते बराच वेळ मुलीपासून दहा पावलांवर घुटमळत राहिले. शेवटी केतकीच त्यांच्याकडे गेली, त्यांच्या खिशातला फोन काढून घेतला आणि खटाखट बोटं चालवून परत दिला. मग तिनं स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन लावला. समोरासमोर उभे राहून बापलेक फोनवरच बोलायला लागले. ते काय बोलले हे कुणाला ऐकू गेलं नाही, पण विसपुते चष्मा पुसत होते.

शाल्मलीला नोकरीवरून काढलं नाही. काढणं कंपनीला परवडलं नसतं, कारण तांबोळी मॅडमच्या आदेशात स्पष्ट लिहून आलं, की ज्या यंत्राला आपली शंका बोलून दाखवता येत नाही, ते यंत्र आरोपीच्या जिवाशी खेळतं. यापुढे विचारणारा दुवाच वापरावा, आणि प्रमाणकालाही मध्ये हात वर करून बोलायचा हक्क असावा. बाकीच्या राज्यांनीही मग विचारणाराच दुवा मागितला. खटले थोडे रेंगाळायला लागले. काही वकील कुरकुरले. शाल्मली सध्या यंत्राला बकरीबद्दल विचारू नको हे शिकवते आहे, आणि ते फार अवघड आहे म्हणते. अडलं की रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईला फोन करते.

पण त्या सगळ्याआधी निकालाचा दिवस आला.

तांबोळी मॅडमनी निकाल वाचला. तिजोरीतली वस्तू तिच्या खऱ्या मालकिणीनं नेली होती, सबब चोरी झालीच नाही, आणि आरोपी गौरहरि बेरा याची निर्दोष मुक्तता करण्यात येते. दुवानं ते मॅडमच्याच आवाजात बंगालीत सांगितलं.

गौरहरि हलला नाही.

मॅडमनी पुन्हा सांगितलं. दुवानंही पुन्हा सांगितलं. गौरहरीनं मान हलवली, पण त्याचे दोन्ही हात पिंजऱ्याच्या कठड्यावर घट्टच होते. मग त्यानं सावकाश कानामागची पट्टी काढली, समोर ठेवली आणि हेमांगीकडे वळला. इतक्या महिन्यांत ती समोर बसलेली असून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"दीदी," त्यानं विचारलं, "ठिक शुनलाम?"

हेमांगीनं न्यायाधीशांकडे पाहिलं. नवा आदेश अजून निघायचा होता, आणि जुन्या नियमाप्रमाणे तिनं तोंड उघडायचं नव्हतं. मॅडम खाली बघून अगदी मन लावून पेनाचं टोपण शोधायला लागल्या. टोपण पेनालाच होतं.

हेमांगी उभी राहिली.

"ठिकई शुनेछो," ती म्हणाली. "बाडी जाओ."

भिंतीवरच्या पडद्यावर ती दोन वाक्यं, 'बरोबरच ऐकलंस. घरी जा,' अशी मराठीत उमटली नाहीत. पण सरकारी वकिलांपासून दारातल्या शिपायापर्यंत साऱ्या कोर्टाला ती समजली, आणि गौरहरीचे हात कठड्यावरून सुटले.